भेडाघाटचे पाणी आणि मरुभूमीची तहान

जबलपूर शहरापासून वीस-बावीस किलोमीटरांवर भेडाघाट आहे. नर्मदा येथे प्रथम धुवांधारच्या कड्यावरून खाली कोसळते. तिचे तुषार इतके दाट उठतात, की खालून धूर निघत असल्याचा भास व्हावा. धबधब्याला नावही त्यावरूनच पडले. पुढे तीच नदी संगमरवरी कड्यांच्या अरुंद घळीत शिरते आणि एकदम शांत होते. ‘बंदरकूदनी’ नावाच्या जागी तर दोन्ही काठ इतके जवळ येतात, की पूर्वी माकडे ह्या काठावरून त्या काठावर उडी मारीत असत, असे येथील नावाडी यमके जुळवीत सांगतात. पावसाळा नुकताच सरला असावा, नाव घळीच्या मध्यावर असावी, आणि पांढऱ्या कड्यांची प्रतिबिंबे पाण्यात हलत असावीत. अशा वेळी ह्या देशात कोठे पाण्याची टंचाई असेल, हे मनाला पटत नाही.

परिक्रमेमुळे ही नदी मराठी माणसाला परकी राहिलेली नाही. अमरकंटकापासून खंबातच्या आखातापर्यंतचा तिचा १३१२ किलोमीटरांचा मार्ग अनेकांनी पायी तुडवला आहे. परंतु नर्मदेच्या पाण्याचा एक नवा प्रवास आहे, आणि तो परिक्रमेच्या वाटेवर लागत नाही. भेडाघाटच्या घळीतून गेलेले पाणी नर्मदापुरम, ओंकारेश्वर, महेश्वर ह्या स्थानांवरून वाहत गुजरातेत सरदार सरोवराला मिळते. तेथून सारेच पाणी समुद्राकडे जात नाही. त्यातील काही भाग एका कालव्यात वळतो, गुजरातेतून ४५८ किलोमीटर उत्तरेकडे जातो आणि जालोर जिल्ह्यातील सीलू ह्या गावापाशी राजस्थानच्या मरुभूमीत शिरतो. तेथे नर्मदेचे पाणी प्रथम पोहोचले ते मार्च २००८ मध्ये. जबलपूर परिसरात वर्षाकाठी तेराशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. जैसलमेरकडे तो दीडशे ते दोनशे मिलिमीटर. धुवांधारचे पाणी शेवटी ज्या टोकाला पोहोचते, तेथून ती कोरडी भूमी फार दूर नाही.

वाळवंटाला पाणी कसे द्यावे, हा प्रश्न जगातील कितीतरी देशांपुढे आहे. समुद्राचे पाणी गोडे करावे, असे एक उत्तर आहे. दूरची नदी आणावी, हे दुसरे. पडेल तो थेंब धरून ठेवावा आणि वापरलेले पाणी पुन्हा वापरावे, हे तिसरे. तिन्ही मार्ग अनुभवाने सिद्ध झालेले आहेत. त्यांपैकी कोणताही अशक्य नाही. तथापि प्रशासनात काही वर्षे काढलेल्या माणसाला प्रत्येक योजनेच्या टिपणीत एक रकाना आधी शोधण्याची सवय लागते. तो रकाना म्हणजे, खर्च कोणी सोसावयाचा? पाण्याच्या बाबतीत हा खर्च नेहमी रुपयांतच होतो असे नाही. तो कधी विजेत होतो, कधी समुद्रातील जीवसृष्टीला सोसावा लागतो, तर कधी दुसऱ्याच्या गावाच्या रूपाने फेडला जातो. ह्या तिन्ही मार्गांकडे मी आज त्याच दृष्टीने पाहणार आहे.

पृथ्वीवरील पाण्यापैकी साडेसत्त्याण्णव टक्के पाणी खारे आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. हे पाणी पिणाऱ्याची तहान भागत नाही. उलट ते क्षार बाहेर टाकण्यासाठी शरीरातील होते नव्हते तेवढे पाणीही खर्ची पडते. म्हणूनच कच्छ, अरबस्तान किंवा चिली ह्या देशांच्या किनाऱ्यावर समुद्र दारात असूनही माणसाने पाण्यावाचून हाल सोसले. कुवेत शहरात तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शत-अल-अरब नदीचे गोडे पाणी शिडाच्या नावांतून येत असे.

खारे पाणी गोडे करण्याची सर्वांत जुनी रीत निसर्गाचीच आहे. ऊन पडते, पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात, आणि वाफ निवली की गोडे पाणी हाती येते. पाऊस म्हणजे तरी दुसरे काय? १८७२ मध्ये चिलीतील आटाकामा वाळवंटात लास सालिनास येथे चार्ल्स विल्सन नावाच्या अभियंत्याने ही रीत मोठ्या प्रमाणावर वापरली. तेथील खाणीवर राबणाऱ्या खेचरांना पाणी हवे होते, आणि विहिरींचे पाणी खारट होते. विल्सनने उथळ लाकडी हौदांवर काचेची तिरपी छपरे बसवली. आतील पाणी उन्हाने तापे, वाफ काचेला लागून थंड होई आणि थेंब काचेवरून ओघळत पन्हळीत जमत. ह्या काचघरांतून दिवसाला सुमारे तेवीस हजार लिटर पाणी मिळे, आणि ती कित्येक वर्षे चालली. आपल्याकडे भावनगर येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने ह्याच तत्त्वावर काम केले आणि १९७८ मध्ये जवळच्या अवाणिया गावात सूर्याच्या उष्णतेवर चालणारे संयंत्र उभारले.

ह्या रीतीला इंधन लागत नाही, पण जागा फार लागते. एक चौरस मीटर काचेखाली दिवसाला दोन-चार लिटरच पाणी सुटते. उन्हाऐवजी भट्टीची उष्णता वापरावी, तर एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाण्याची वाफ करण्यास सहाशेहून अधिक युनिटांइतकी ऊर्जा लागते. ती प्रत्येक खेपेस नव्याने खर्चणे कोणालाच परवडणार नाही. म्हणून अभियंत्यांनी युक्ती योजिली. वाफ थंड होताना जी उष्णता सोडते, तीच पुढच्या हौदातील पाणी तापवण्यास लावायची, आणि हौदागणिक हवेचा दाब कमी करीत न्यायचा, म्हणजे कमी उष्णतेतही पाणी उकळते. आखातातील तेलसंपन्न देशांची शहरे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्याच उपायावर वाढली. दाब कमी केला की पाणी लवकर उकळते, ह्या गुणाचा एक सुंदर उपयोग आपल्या लक्षद्वीपमध्ये पाहावयास मिळतो. कवरत्ती बेटावर २००५ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने एक संयंत्र सुरू केले. समुद्राच्या पृष्ठभागावरचे कोमट पाणी कमी दाबाच्या पात्रात घेऊन त्याची वाफ करावयाची, आणि सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवरून आणलेल्या थंड पाण्याने ती निववावयाची. येथे भट्टीही नाही आणि चूलही नाही. दिवसाला एक लाख लिटर गोडे पाणी देण्याची त्याची क्षमता आहे. अर्थात किनाऱ्यालगतच एवढी खोली सर्वत्र सापडत नाही.

दुसरी रीत अधिक नवी आणि आज अधिक प्रचलित आहे. ती समजून घेण्यास स्वयंपाकघर पुरेसे आहे. वाळलेले मनुके पाण्यात टाकले की फुगतात. काकडीच्या फोडींना मीठ लावले की त्यांना पाणी सुटते. दोन्ही ठिकाणी मध्ये एक पातळ पडदा असतो. तो पाण्याला वाट देतो, पण साखरेला किंवा मिठाला सहजी देत नाही; आणि पाणी नेहमी पातळ बाजूकडून दाट बाजूकडे ओढले जाते. शास्त्रीय परिभाषेत ह्याला तर्षण म्हणतात. ह्या शब्दाच्या मुळाशी ‘तहान’ हाच अर्थ आहे, ही गोष्ट मोठी समर्पक वाटते. समुद्राच्या पाण्याची ही तहान वातावरणाच्या दाबाच्या सुमारे सत्तावीस पट जोराची असते. तिच्याहून अधिक दाब खाऱ्या बाजूने दिला, की प्रवाह उलटतो; पाणी दाट बाजूकडून पातळ बाजूकडे येते आणि क्षार मागे राहतात. तत्त्व सोपे होते. अडले होते ते पडद्यापाशी. इतका दाब सोसेल आणि तरी पाणी भरभर जाऊ देईल असा पडदा १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस येथील शाखेत सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन ह्या दोघांनी तयार केला. त्यांतील सौरिराजन भारतात जन्मलेले. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील कोअलिंगा ह्या छोट्या गावाला ह्या रीतीने शुद्ध केलेले पाणी मिळू लागले. आज आपल्या घराघरांत ‘आर. ओ.’ ह्या नावाने जी पेटी भिंतीवर टांगलेली दिसते, ती ह्याच शोधाची दूरची वारस होय. चेन्नईजवळ मिंजूर येथे २०१० मध्ये सुरू झालेले संयंत्रही ह्याच तत्त्वावरचे. दिवसाला दहा कोटी लिटर पाणी देण्यासाठी ते उभारले गेले.

आता खर्चाच्या रकान्याकडे वळू. ह्या रीतीने समुद्राचे एक घनमीटर पाणी गोडे करण्यास आज साधारणपणे तीन ते चार युनिट वीज लागते. सहाशे युनिटांच्या तुलनेत ही प्रगती विलक्षण आहे. शास्त्रज्ञ कितीही कुशल झाले तरी हा आकडा शून्यावर येणार नाही. कारण पाणी आणि मीठ वेगळे करण्यास निसर्गनियमानेच काही किमान ऊर्जा द्यावी लागते, आणि ती एक युनिटाच्या आसपास आहे. साडेतीन युनिटांचा सरासरी दर धरून आपण दोन हिशेब करून पाहू.

माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले, तर एका माणसाला वर्षाला सुमारे २० घनमीटर पाणी लागते. त्यासाठी सत्तर युनिट वीज पुरे. ही काही मोठी गोष्ट नव्हे. परंतु गव्हाचे एक हेक्टर शेत घ्या. कोरड्या प्रदेशात त्याला हंगामात चारशे मिलिमीटर पाणी दिले, तर ते चार हजार घनमीटर होते, आणि ते समुद्रातून मिळवावयाचे तर चौदा हजार युनिट खर्ची पडतील. म्हणजे दोनशे माणसांचे वर्षभराचे पाणी एका हेक्टरात जिरते. समुद्राचे पाणी तहानेसाठी घेणे शक्य आहे. पिकासाठी घेणे, निदान साध्या धान्यासाठी तरी, परवडणारे नाही. वाळवंटाला पाणी देण्याविषयी बोलताना पिण्याचे पाणी आणि शेतीचे पाणी ह्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात, त्याचे कारण हे आहे.

विजेखेरीज आणखी एक खर्च आहे. पडद्यामागे जे दाट, तिखट खारे पाणी उरते, त्याला मिठवणी म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार जगभरात अशा संयंत्रांतून एका लिटर गोड्या पाण्यामागे सरासरी दीड लिटर मिठवणी निघते. समुद्र जवळ असला तर ती काळजीपूर्वक पसरून सोडता येते. तरीही ती तळाशी जमून तेथील जिवांना अपाय करू शकते. पण समुद्रच नसेल तर? राजस्थानच्या मरुभूमीखाली बऱ्याच ठिकाणी पाणी आहे, मात्र ते मचूळ आहे. जालोर-बाडमेरकडे तर त्यात फ्लोराइडचे प्रमाणही अनेक गावांत इतके, की दात पिवळे पडतात आणि हाडे ताठरतात. समुद्रापेक्षा हे पाणी शुद्ध करणे पुष्कळ स्वस्त आहे. पण उरलेली मिठवणी कोठे टाकायची, हा प्रश्न तेथे अधिक बिकट होतो. उघड्यावर सोडली तर ती मुरून पुन्हा त्याच विहिरीत येते. गावाच्या पिण्यापुरते छोटे संयंत्र आणि मिठवणी सुकवण्याचा स्वतंत्र हौद, एवढ्या मर्यादेतच हा उपाय अंतर्भागात शोभतो.

ह्यावरून दूरची नदी आणण्याचा मोह माणसाला का होतो, हे कळते. एक घनमीटर पाणी शंभर मीटर उंच चढवण्यास, पंपातील घट धरूनही, ०.४ युनिटाच्या आसपास वीज लागते. ज्या साडेतीन युनिटांत समुद्राचे पाणी गोडे होते, त्यांत नदीचे पाणी साडेआठशे मीटरांहून अधिक उंच नेता येईल. आणि कालवा उतारानेच वाहता केला, तर तेवढीही वीज लागत नाही. नर्मदेच्या बाबतीत हाच विचार झाला.

पंडित नेहरूंनी ५ एप्रिल १९६१ रोजी धरणाची कोनशिला बसवली, तेव्हा योजना बेताची होती. पुढे डॉ. अ. ना. खोसला ह्यांच्या समितीने १९६५ मध्ये धरणाची जलपातळी ५०० फूट असावी अशी शिफारस केली. कच्छ आणि राजस्थानपर्यंत पाणी उताराने जावयाचे, तर कालव्याचे मुख उंच हवे, आणि त्यासाठी धरणही उंच हवे, हे सरळ गणित होते. पण धरण जितके उंच, तितकी वरच्या बाजूची गावे अधिक बुडणार. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ह्यांनी त्याला हरकत घेतली. अखेर १९६९ मध्ये न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी ह्यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला गेला.

लवादापुढे आलेला एक प्रश्न मला नेहमी विचार करावयास लावतो. राजस्थानातून नर्मदा वाहत नाही. मग तिच्या पाण्यावर राजस्थानचा हक्क आहे काय? १९७२ मध्ये लवादाने उत्तर दिले, की नाही. नदीच्या खोऱ्यात नसलेल्या राज्याला असा हक्क सांगता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर समजण्यासारखे आहे. पण वाळवंट वाळवंट असते ते काठावर नदी नसते म्हणूनच. नदीकाठचा हक्क हाच एकमेव आधार मानला, तर मरुभूमीला कधीच पाणी मिळणार नाही. ह्या कोंडीतून वाट निघाली ती १२ जुलै १९७४ च्या करारामुळे. त्यात संबंधित राज्यांनी आपसात संमतीने राजस्थानला वाटा देऊ केला. डिसेंबर १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंतिम निवाड्यात तो कायम राहिला. चार वर्षांतून तीन वर्षे तरी नदीत २८ दशलक्ष एकर-फूट पाणी मिळेल असे धरून त्याची वाटणी ठरली. मध्य प्रदेशाला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५ आणि महाराष्ट्राला ०.२५. एक एकर जमिनीवर एक फूट उभे राहील एवढे पाणी म्हणजे एकर-फूट. ते सव्वाबारा लाख लिटरांहून थोडे अधिक भरते. राजस्थानच्या अर्ध्या दशलक्षाचे सुमारे ६१ कोटी घनमीटर होतात. एवढेच पाणी समुद्रातून काढावयाचे तर वर्षाला दोनशे कोटी युनिटांहून अधिक वीज लागली असती. शेजाऱ्यांच्या संमतीचे मोल असे विजेतही मोजता येते.

निवाड्याने धरणाची जलपातळी ४५५ फुटांवर, म्हणजे १३८.६८ मीटरांवर, आणि कालव्याची मुखाशी पातळी ३०० फुटांवर ठरवली. कालव्याच्या मुखातून दर सेकंदाला ११३३ घनमीटर पाणी जाऊ शकते. राजस्थानच्या सीमेवर पोहोचेतो ते ७५ घनमीटरांच्या आसपास उरते. जालोर आणि बाडमेर जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टर जमिनीचा त्यात विचार आहे. कच्छच्या शाखा कालव्याचे पाणी ३५७ किलोमीटर वाहून मांडवी तालुक्यातील मोडकुबा गावापर्यंत २०२२ मध्ये पोहोचले. ज्या बायकांनी आयुष्याची अर्धी वर्षे डोक्यावर हंडा घेऊन वाळू तुडवली, त्यांच्या दारी हे पाणी येणे ही लहान घटना नव्हे.

पण खर्चाचा रकाना येथेही कोरा नाही. सरदार सरोवरात नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी भागांतील तेहेतीस आदिवासी गावे बुडाली. मणिबेली त्यांपैकीच एक. मध्य प्रदेशातील बाधित गावे तर १९० हून अधिक. भेडाघाटच्या वरच्या अंगाला, जबलपूरजवळच्या बरगी धरणाखाली १६२ गावे बाधित झाली, आणि नर्मदेवरील मोठ्या धरणांच्या मालिकेत हेच पहिले. आज धुवांधारवरून किती पाणी कोसळावे, हे बऱ्याच अंशी बरगीच्या दरवाज्यांवर अवलंबून असते. नावेतून स्वच्छंद वाटणारी नदी वस्तुतः पहारा बसलेली नदी आहे.

दुसरी किंमत नदीच्या मुखाशी दिली जाते. नर्मदेला हिमालयाचे बर्फ नाही. तिचा सारा आधार पाऊस. २०१७ मध्ये वरच्या खोऱ्यात पाऊस कमी झाला आणि त्या वर्षी गुजरातच्या वाट्याला नेहमीच्या जवळजवळ निम्मेच पाणी आले. पुढच्या उन्हाळ्यात भरूचच्या खाडीत समुद्राचे खारे पाणी नदीपात्रात आत सरकल्याच्या तक्रारी मच्छीमार आणि शेतकरी ह्यांनी केल्या. एका टोकाला मरुभूमीत गोडे पाणी पोहोचवताना दुसऱ्या टोकाला नदी खारट होऊ लागली, तर त्या योजनेचा हिशेब अपुराच म्हणावयाचा.

तिसरी किंमत पाणी घेणाऱ्यालाही चुकत नाही. सतलज-बियासचे पाणी राजस्थानात नेणाऱ्या कालव्याचे काम १९५८ मध्ये सुरू झाले. तोच आजचा इंदिरा गांधी कालवा. त्याने उजाड प्रदेश हिरवा केला ह्यात शंका नाही. परंतु काही भागांत सढळ हाताने पाणी दिल्यामुळे भूजल वर आले, त्याबरोबर क्षारही वर आले, आणि हनुमानगढकडच्या काही जमिनी चिबड होऊन बसल्या. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी पाहिलेल्या आपल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावयास नको. ह्या अनुभवातून शिकून राजस्थानने नर्मदेच्या कालव्यावर तुषार सिंचन सक्तीचे केले. पाणी पाटाने सोडावयाचे नाही. डिग्गीत साठवून फवाऱ्याने द्यावयाचे. एवढ्या मोठ्या प्रकल्पावर अशी सक्ती आपल्या देशात पूर्वी झाली नव्हती. मला स्वतःला ह्या योजनेतील सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो.

आता तिसऱ्या मार्गाकडे येऊ. तो सर्वांत जुना, आणि त्यामुळेच बहुधा सर्वांत दुर्लक्षित. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. पाचशे चौरस मीटरांचे अंगण घ्या. दोनशे मिलिमीटर पावसात त्यावर एक लाख लिटर पाणी पडते. त्यातील निम्मे वाया गेले असे धरले, तरी पन्नास हजार लिटर हाती राहतात. सहा माणसांच्या कुटुंबाला पिण्यास व रांधण्यास माणशी रोज वीस लिटर धरले, तर वर्षाला चव्वेचाळीस हजार लिटरही पुरतात. हा हिशेब कागदावर मांडण्याच्या कितीतरी आधी मरुभूमीतील लोकांनी तो जमिनीवर मांडला होता. घराजवळची जमीन चोपून, तिला मध्याकडे उतार देऊन, तळाशी ते झाकलेली विहीर बांधतात. तिला टांका किंवा कुंड म्हणतात. झाकण महत्त्वाचे, कारण त्या भागात उघडे पाणी वर्षाला सुमारे दोन मीटर वाफ होऊन उडून जाते. जैसलमेरकडील पालिवाल ब्राह्मणांनी खडकाळ उतारावरचे पाणी बांध घालून सखल शेतात अडवण्याची खडीन नावाची पद्धत रूढ केली. पाणी जमिनीत मुरते, आणि त्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा येतो. जैसलमेरसारखे नगर शतकानुशतके उभे राहिले ते गडसीसरसारख्या तलावांच्या बळावर.

ह्याच मार्गाचे आधुनिक अंग म्हणजे वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा वापरणे. नामिबियाची राजधानी विंडहुक वाळवंटाच्या कुशीत वसलेली आहे. तेथे १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून थेट पिण्याच्या पाण्यात मिसळले जाते. इस्राएलमध्ये सांडपाण्याचा फार मोठा भाग शेतीला परत जातो. लांब जाण्याचेही कारण नाही. भेडाघाटहून दक्षिणेस नागपूरला या. तेथील महानगरपालिकेचे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रांना दिले जाते, आणि तेवढे धरणाचे पाणी माणसांसाठी उरते. शहरात पाणी वापरले म्हणजे ते संपते असे नाही, ते मळते. मळलेले पाणी धुणे समुद्राचे पाणी गोडे करण्यापेक्षा सोपे आहे, कारण त्यात क्षार फारच थोडे असतात.

हे तिन्ही मार्ग शेजारी शेजारी ठेवले की त्यांचा क्रम आपोआप लागतो. प्रथम पडेल ते धरावे, आणि धरलेले झाकावे. मग असलेले पाणी काटकसरीने व पुन्हा पुन्हा वापरावे. पाटाऐवजी तुषार व ठिबक, आणि कोरड्या भूमीत कोरड्या भूमीची पिके. इतके करूनही उणे पडेल ते दूरच्या नदीकडे मागावे. मात्र तो हक्क म्हणून ओरबाडू नये, ज्यांची गावे गेली त्यांचे पुनर्वसन आधी व्हावे, आणि नदीच्या मुखाकडे वाहणारे पाणी हा कोणाचाही शिलकी वाटा समजू नये. समुद्राचे पाणी गोडे करणे हा किनाऱ्यावरच्या शहरांचा आणि बेटांचा खरा आधार आहे. तेथे त्याला बिचकण्याचे कारण नाही, आणि सूर्याच्या विजेवर तो चालू लागला तर त्याची किंमत आणखी हलकी होईल. परंतु त्या आशेवर टांक्याचे झाकण उघडे टाकणे शहाणपणाचे ठरणार नाही.

हा विचार आजच करावयास हवा, ह्याला एक निमित्तही आहे. नर्मदेच्या निवाड्यातच एक कलम आहे, की प्रसिद्धीपासून ४५ वर्षांनंतर पाणीवाटपाचा फेरविचार करता येईल. ती मुदत डिसेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाली. मधल्या काळात सर्वांच्या गरजा वाढल्या आहेत. २०१४ पासून नर्मदेचे पाणी उपसून माळव्यात क्षिप्रेला दिले जाते, आणि वरच्या खोऱ्यातही नव्या मागण्या उभ्या आहेत. नदी मात्र तेवढीच आहे. पुढे कधी वाटप पुन्हा मांडले गेले, तर काठावरचे राज्य आपल्या हक्काचे बोलेल आणि ते स्वाभाविकही आहे. ज्याच्या अंगणात नदी नाही, त्याच्या बाजूने बोलणारे तेव्हाही १९७४ प्रमाणेच शेजाऱ्यांतूनच निघावे लागतील. मणिबेलीसारख्या बुडालेल्या गावांचे म्हणणेही त्याच मेजावर आले पाहिजे.

पुढे कधी भेडाघाटला गेलात, तर धुवांधार पाहून झाल्यावर थोडा वेळ खालच्या घळीत नावेत बसा. समोरून संथपणे सरकणाऱ्या त्या पाण्यातील काही थेंबांना अजून पुष्कळ दूर जावयाचे असते. सीलूच्या पलीकडे कोणीतरी त्यांची वाट पाहत असते.